उरलेली गोळी परत

१६ जाने., शुक्रवार

भोगीच्या धुरानं कुमुदचा घसा धरला तो अजून सुटत नाही. परवा पहाटे तमिळ रिवाजानं अख्ख्या तांबरमनं जुन्या चटया, टायर, काय सापडेल ते जाळलं. आमच्या फाटकाशीही ढीग. मी खाली जाऊन हवेच्या प्रदूषणावर चार शब्द बोललो. लोकांनी आदरानं ऐकून घेतलं आणि मग टायर टाकला.

संध्याकाळी अंग तापलं तिचं. खालच्या वाचनालयातल्या औषधपेटीतून तीन गोळ्यांची पट्टी आणली. घसा-खोकल्याला सगळ्यांना देतो तीच. कु. म्हणाली, "वाफ घेते की आधी. लगेच गोळी कशाला?" म्हटलं, मग पेटी ठेवलीय कशाला? घेतली मुकाट्यानं.

पुढच्या महिन्यात पेटीला दहा वर्षं. भाषणाची सुरुवात सुचली ती इथं टिपून ठेवतो: "वाचनालयाच्या कोपऱ्यात एक लोखंडी ट्रंक आहे. घराघरांत उरलेली औषधं तिच्यात येतात, ज्याला लागतील त्याला फुकट जातात. तिला कुलूप आहे, पण मालक नाही." मालक नाही, इथं थांबायचं. टाळी तिथं येते.

वाचून दाखवलं. कु. मुरुंगक्कीरै, म्हणजे शेवग्याचा पाला, निवडत होती. दोनदा बोट वर केलं. म्हणजे आवाज खाली. लग्नाला चाळीस वर्षं, हीच पद्धत. रेल्वे युनियनच्या फाटकसभांपासून माझं एकही भाषण तिच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही.

१८ जाने., रवि.

ताप उतरला. पेटीचा वार. नऊ वाजता मी आणि सेल्वम टेबल लावून बसलो होतो, तर कु. स्वतः शाल गुंडाळून खाली आली आणि उरलेली गोळी पेटीत टाकली. दोन घेतल्या, एक परत. मी पट्टी उंच धरून रांगेला दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली, खोकली, वर गेली.

"ताप उतरला, उरलेली गोळी परत." घोषणा माझी. सेल्वमनं तमिळमध्ये यमक साधून दिलंय, मुलं खेळतानासुद्धा म्हणतात. बरं वाटलं की थांबायचं, उरलेलं पुढच्या माणसाला. याहून सोपा समाजवाद मला कुणी दाखवावा.

सेल्वमची टूम: दुसरी पेटी गुम्मिडिपूंडीला, तिथल्या कंत्राटी कामगारांच्या वस्तीत. १५ फेब्रु.ला उद्घाटन. "तोळर, तिथं आजारी पडून एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी फाटकावर नाव नाही. ताप दाबून मशीनपुढं उभं राहतात. तुम्ही या आणि बोला." तीस वर्षं युनियनमध्ये बरोबर काढली, अजून कॉम्रेडच म्हणतो मला, त्याच्या भाषेत. बोलणारच.

२० जाने., मंगळ.

कु.ला पुन्हा ताप. हुडहुडी भरून. उजव्या कुशीत कळ, श्वास घेतला की वाढते. पेटीतल्या दुसऱ्या, जोरदार कॅप्सूल दिल्या. पाच होत्या वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या, नाव एकच.

शेजारच्या रुक्मिणीबाई रसम् घेऊन आल्या. तंजावरच्या, त्यांचं मराठी आमच्याहून तीनशे वर्षं जुनं असं त्या मला अधूनमधून सुनावतात. कु.च्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळल्या. "कां वो, डॉक्टराकडे न्या म्हणून कितीदां सांगूं? तुमचें भाषण बरें असतें. तें औषध नव्हे."

उद्या सकाळपर्यंत पाहतो म्हटलं.

२१ जाने., बुध.

पाहायला नको होतं. सकाळी ओठ निळसर. रुक्मिणीबाईंनीच ऑटो थांबवली.

एक्स-रे. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा. न्यूमोनिया. सलाईन, ऑक्सिजन.

डॉ. मलर. पस्तिशीची असेल, भराभर बोलते. विचारलं, आधी काय काय दिलंत? सांगितलं. कुणी लिहून दिलं? मी म्हणालो, मी.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

मग पेटीविषयी सांगायला लागलो. औषधकंपन्या, नफा, जनतेची मालमत्ता. ती माझ्याकडे न बघता लिहीत होती. मधेच म्हणाली, "सार, साखर किती असते यांची?" मला सांगता येईना. कु.ची साखर कु.लाच ठाऊक असते.

२२ जाने., गुरु.

मला ओळखलं नाही. तिचे वडील समजून हाक मारली, म्हणाली, "दादा, दिवा बंद करा, डोळ्यांत जातो." दिवा नव्हताच, दुपारचे अकरा. मान ताठ. डॉ.नी मान उचलून पाहिली तर ती किंचाळली. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असावा, मेनिंजायटिस. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं तपासायला. मला बाहेर काढलं.

सहीसाठी कागद आला. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. न वाचता केली.

मुलगी मीनल ऑफिसातून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र. तमिळमध्येच बोलत राहिली डॉ.शी, मराठी माझ्यापुरतं. "बाबा, किती गोळ्या दिल्या नक्की?" दोन आणि पाच. बोटांवर मोजलं तिनं. मग डॉ.कडे वळून तमिळमध्ये आकडा सांगितला. मला बोलली असती तर बरं.

२३ जाने., शुक्र.

कु. निजून. इंजेक्शनं दोन प्रकारची, शिवाय सूज उतरवायचं एक. आयसीयूबाहेर बाकावर. वाचायला पुस्तक आणलंय, तेच पान चार वेळा.

तोंडातल्या तोंडात बोलत होतो म्हणे. शेजारच्या बाईनं मुलाला उचलून पलीकडे बसवलं.

२४ जाने., शनि.

रिपोर्ट आला. न्यूमोकोकस.

हा जंतू मला माहीत होता. म्हणजे वाचलेला होता. पेनिसिलिन नव्हतं तेव्हा वॉर्डच्या वॉर्ड रिकामे करायचा आणि ते आल्यावर एका सुईला मान टाकायचा. भाषणात वापरायचो मी ते, विज्ञान आणि माणूस या विषयावर.

डॉ.नी कागद माझ्यापुढं धरला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. एस म्हणजे औषध चालेल. आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. पेनिसिलिन, आर. मी शुक्रवारी दिली ती, आर. मंगळवारी दिली ती, आर. आणखी दोन आर. खालच्या अंगाला एस. "हे चालू केलंच होतं आधी, संशय होता म्हणून. याच्यावर आहोत आता आपण," म्हणाली.

मी सरळ विचारलं, हे माझ्या पेटीनं केलं का?

"ते कुणीच सांगू शकणार नाही. हा जंतू लहान मुलांच्या नाकाघशात निवांत राहतो, मोठ्यांच्याही. कुठूनही आला असेल." मग पेन खिशाला लावत, "पण दर वेळी अशी गोळी पोटात गेली की घशातले लेचेपेचे मरतात, चिवट राहतात. त्यांना मग ऐसपैस जागा. तुम्ही दर रविवारी जागा करून देत होता, सार."

म्हटलं, अर्धवट घेतल्यामुळं का? पूर्ण पट्टी संपवायला सांगितलं असतं तर?

"अर्धी काय, पूर्ण काय. तुमच्या रांगेतल्या बहुतेकांना ती लागतच नव्हती. साधी सर्दी होती. चार दिवसांत आपोआप उतरणारा ताप."

म्हणजे माझी गोळी आणि उतरलेला ताप यांचा संबंध नव्हता. टाळ्यांचा होता.

मग लशीचा विषय निघाला. याच जंतूची लस असते, साखरवाल्यांना आणि साठीपुढच्यांना द्यायला सांगतात. मीनल दोन वर्षांमागं म्हणाली होती. मी तिला कंपन्यांच्या धंद्यावर व्याख्यान दिलं होतं. कु. म्हणाली होती, "ऐकून तर घ्या तिचं." बोटही वर केलं होतं.

२५ जाने., रवि.

पेटी उघडली नाही. दहा वर्षांतला पहिला रविवार. सेल्वमचा फोन: "पंधरा माणसं उभी आहेत, तोळर. काय सांगू?" म्हटलं, सांग घरी जा. "ताप असलेल्याला घरी जा सांगू?" डॉक्टरकडे जा सांग. फोन न ठेवताच तो रांगेला सांगायला लागला.

कु. तशीच. ताप मात्र उतरतोय. ताप उतरला. घोषणेतलं पुढचं लिहीत नाही.

२७ जाने., मंगळ.

आंघोळीला घरी आलो होतो. वाचनालयात जाऊन पेटीची वही काढली. नाव, आजार, काय दिलं, किती परत. अक्षर सगळं माझं. ठळक, सरळ, फलकावर शोभेल असं.

मी फक्त त्या जातीच्या, जंतू मारणाऱ्या गोळ्या शोधत गेलो. थोड्या वेळानं शोधायची गरज उरली नाही, प्रत्येक पानावर होत्याच. एकाची चौथी गोळी दुसऱ्याची पहिली. दुसऱ्याची तिसरी तिसऱ्याच्या मुलाची अर्धी.

आणि पुन्हा पुन्हा हे: "कुमुद, घसा. दोन घेतल्या, चार परत. शाबास." "कुमुद, खोकला. एक घेतली, दोन परत. शाबास." शाबास लाल शाईत. तिला गोळ्या कधीच आवडायच्या नाहीत. मी टाळ्या वाजवाव्यात म्हणून घ्यायची, आणि मी टाळ्या वाजवाव्यात म्हणून परत करायची.

वही पिशवीत घालून दवाखान्यात आणली. का, ते माहीत नाही.

३० जाने., शुक्र.

डोळे उघडले. मीनलला म्हणाली, "केस का नाही विंचरलेस?" मीनल रडायलाच लागली. मला म्हणाली, "दाढी." इतकंच. मी जाऊन करून आलो.

डाव्या बाजूला बसून बोललो. भोगीपासूनचं सगळं. ती छताकडे बघत राहिली. वाटलं रागावलीय, हक्क आहे. उजवीकडून मीनल काही पुटपुटली तर लगेच तिकडे मान वळवली.

डॉ.ना सांगितलं. त्या डाव्या कानाशी चुटकी वाजवून बघत राहिल्या. या आजारात कान जातो कधीकधी. एक, दोन्ही, थोडा, पूर्ण. कधी काही भाग परत येतो, कधी उरलेलाही जातो. घरी गेल्यावर नीट तपासणी करू, तोवर काही म्हणता येत नाही.

या बाईंना कशालाच नक्की म्हणता येत नाही. मला हो किंवा नाही लागतं. आयुष्यभर हो आणि नाहीवर सभा जिंकल्या.

२ फेब्रु., सोम.

सेल्वम भेटायला आला. इडल्यांचा डबा, वर गुम्मिडिपूंडीची पत्रकं. माझं नाव मोठ्या अक्षरांत. वक्त्याच्या आधी दोन विशेषणं.

म्हटलं, पेटी बंद. तिथलीही नाही, इथलीही नाही.

त्यानं डबा ठेवला. "मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो ते चालतं. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते चालतं. मोठमोठे डॉक्टर सर्दीला लिहून देतात ते चालतं. आमची एक ट्रंक तेवढी पापी?"

म्हटलं, ते सगळंच चालत नाही.

"बोलायला सोपं, तोळर. त्या पोराला एकशे एक ताप आहे, सकाळी सहाला हजेरी आहे. त्याला तुम्ही काय देणार? तुमचं भाषण? भाषण दाखवून रजा मिळते?"

वॉर्डातली नर्स म्हणाली, आवाज कमी करा. आम्हा दोघांना.

तो पत्रकं ठेवून गेला. इडल्या मीनलनं खाल्ल्या.

३ फेब्रु., मंगळ.

रात्री झोपेत नाही, आज सकाळी दात घासताना सुचलं. सेल्वमचा प्रश्नच उत्तर होता. रजा. त्या पोराला गोळी नको, दोन दिवसांची पगारी रजा हवी. साधी सर्दी चार दिवसांत जाते, डॉ. म्हणालीच. ते दिवस त्याला कुणी देत नाही म्हणून आम्ही गोळी दिली. आजारी माणूस वेळेवर मशीनवर उभा राहील याची सोय आम्ही केली. चंदा गोळा करून, टाळ्या वाजवून. रजेसाठी फाटक अडवणारा मी, निवृत्त झालो आणि दहा वर्षं मालकाचं काम फुकट केलं.

हे बोलायला हवं. पण असं बोललो की टाळी येईल आणि मी सुटेन, हेही कळतंय. त्याच्याआधी दुसरं एक वाक्य यायला हवं. लहान आहे. लिहिवत नाही.

६ फेब्रु., शुक्र.

घरी आणलं. इंजेक्शनांचा कोर्स पुरा झाला. जिना चढताना तीनदा बसली, तोल जातो. रुक्मिणीबाईंनी दारात ओवाळलं. "वाळलीस गो. आतां ह्यांचें कांहीं ऐकूं नको." कु. म्हणाली, "ऐकू येत नाहीच आहे डावीकडनं, बरंच झालं." दोघी हसल्या. मीही हसलो असेन.

उजव्या कानानं किती येतं ते तिलाच नीट सांगता येत नाही. "कापूस भरल्यासारखं," म्हणते. कधी उत्तर देते, कधी ओठांकडे बघते. तपासणी १९ तारखेला.

९ फेब्रु., सोम.

रुक्मिणीबाईच आल्या. नातीला ताप, नाक गळतंय, उद्या शाळेत परीक्षा. "तुमची ती घशाची गोळी एक द्या. एकच."

नाही म्हणालो. का, ते सांगितलं. उभ्यानं ऐकलं त्यांनी.

"दहा वर्षें दिलीत तेव्हां आम्हीं कां म्हणून विचारिलें नाहीं. आतां नाहीं म्हणतां, तरी विचारूं नये होय?"

म्हटलं, डॉक्टरकडे चला, मी येतो. मग त्या नातीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, मी बरोबर गेलो. डॉक्टरनं तपासून सांगितलं, छाती साफ आहे, भरपूर पाणी, तापाचं साधं औषध, नाही उतरला तर परत या. परीक्षा बुडाली. परतीच्या वाटेवर रुक्मिणीबाई नातीचा हात धरून माझ्या चार पावलं पुढं चालत होत्या.

११ फेब्रु., बुध.

नातीचा ताप गेला. रुक्मिणीबाईंनी सांगायला पाठवलं नाही, मीच जाऊन विचारलं.

पेटीतल्या त्या सगळ्या पट्ट्या वेगळ्या काढल्या. सेल्वम म्हणाला होता, भोगीला जाळल्या असत्या की. डॉ. मलरना फोन केला. जाळायच्या नाहीत, गटारात तर मुळीच नाही, दवाखान्यात आणून द्या, आम्ही लावू विल्हेवाट. दोन पिशव्या भरल्या. पेटीत आता बँडेज, मलम, थर्मामीटर. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे, म्हणजे मालक नाही हे वाक्य गेलं.

सेल्वमला फोन केला, येतो म्हणालो. काय बोलणार विचारलं त्यानं. रजेवर. "आणि पेटी?" म्हटलं, तेही. तो म्हणाला, "लोक गोळीसाठी येणार आहेत, तोळर. हात रिकामे बघून उठून जातील." जाऊ देत.

१३ फेब्रु., शुक्र.

भाषण तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते लहान वाक्य तिसऱ्या पानावर सरकलं. आधी कंपन्या, मग मालक, मग सरकार, मग मी. मधल्या गर्दीत कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा जागी.

कु. म्हणाली, "काय एवढं फाडताय?" म्हटलं, सुरुवात सापडत नाही.

१५ फेब्रु., रवि.

सेल्वम नऊला न्यायला येणार होता. आठला कु.पुढं बसलो, उजव्या अंगाला. ती मुरुंगक्कीरैच निवडत होती, हळूहळू, ताटलीकडे वाकून. कागद धरला. ते लहान वाक्य आता पहिलंच आहे.

खालच्या आवाजात वाचलं. "दहा वर्षं मी तुम्हाला चुकीचं औषध वाटलं, आणि माझ्या बायकोलाही."

तिनं मान वर केली. "काय?"

पुन्हा वाचलं.

"अहो, मोठ्यानं. पुटपुटताय काय."

चाळीस वर्षांत ही पहिली वेळ. बोटाकडे बघत होतो मी, ते ताटलीतच राहिलं. घसा साफ केला आणि म्हटलं, फाटकसभेत म्हणायचो तसं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारा माणूस थांबला. रुक्मिणीबाई दार उघडून बाहेर आल्या, नात त्यांच्या मागं.

कु.नं ऐकलं की ओठांवरून वाचलं, कळलं नाही. एक देठ काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हं. मग पुढं?"

पुढचं वाचायला लागलो तोच खाली हॉर्न. सेल्वम. कागद खिशात. चपला घालताना कु. म्हणाली, "तिथं मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणा ते. मला नाही पोचलं दोनदा."

हे एन्नूरच्या पुढं, गाडीत बसून लिहितोय. सेल्वम चालवतोय. मांडीवर पेटीची वही आहे, लाल शाईवाली. अजून पाऊण तास. कानाची तपासणी गुरुवारी.